‘शिवकल्याण राजा’ : वंदन झालें, श्रवण राहिलें

फेब्रुवारीच्या १९ तारखेस भोरच्या बाजारपेठेंत, वेल्ह्याच्या एस. टी. थांब्यावर किंवा राजगडाच्या पायथ्याशीं गुंजवण्याच्या वाटेवर उभें राहिलें असतां जे सूर हटकून कानीं पडतात, त्यांत एका ध्वनिमुद्रिकेंतील दोन गीतें असावयाचींच. एक भूषण कवीचें व्रजभाषेंतील कवित्त. दुसरें कुसुमाग्रजांचें, प्रतापराव गुजर व त्यांचे सहा सोबती ह्यांच्यावरचें. मंडपाच्या खांबास बांधलेल्या कर्ण्यांतून तीं सकाळीं सुरू होतात आणि मिरवणूक संपेपर्यंत फिरफिरून वाजत राहतात. लोकांस तीं तोंडपाठ आहेत; आणि म्हणूनच कीं काय, तीं कोणी ऐकत नाहीं. ज्या मुद्रिकेंतून तीं घेतलीं तिचें ‘शिवकल्याण राजा’ हें नांवहि पुष्कळांस ठाऊक असतें. तिच्यांत आणखी काय आहे असें मात्र विचारूं नये.

शिवराज्याभिषेकास तीनशें वर्षें पूर्ण झालीं त्या १९७४ सालीं ही मुद्रिका निघाली. संगीत हृदयनाथ मंगेशकर ह्यांचें, गायन लता मंगेशकर ह्यांचें, आणि गीतांस जोडणारें निवेदन बाबासाहेब पुरंदरे ह्यांचें. कवींची पंगतहि विलक्षण आहे. समर्थ रामदास आणि भूषण हे महाराजांच्या काळांतले. सावरकर, गोविंदाग्रज, कुसुमाग्रज आणि शंकर वैद्य हे विसाव्या शतकांतले. मधलीं दोनशें वर्षें, म्हणजे पेशवाईचा सगळा बहर, निवड करणारांनीं सरळ ओलांडला आहे. हें त्यांनीं बुद्ध्याच केलें असावें, आणि त्याचें कारण पुढें दिसेल.

आमची तक्रार अशी कीं, ह्या पन्नास वर्षांत ह्या कृतीस वंदन पुष्कळ झालें, पण तिचें श्रवण झालें नाहीं. विषय थोर, गायिका थोर, तेव्हां कृतीहि थोर असलीच पाहिजे, असें म्हणून आपण हात जोडले आणि मोकळे झालों. मूर्तीस हार घातल्यावर शिल्पकाराची छिन्नी कोठें कशी चालली हें पाहण्याची गरज कोणास वाटत नाहीं, तशांतला हा प्रकार. तीनच वर्षांनीं, १९७७ सालीं, हृदयनाथांनीं ‘जैत रे जैत’ ह्या चित्रपटास संगीत दिलें. ना. धों. महानोरांचे शब्द आणि रानावनांतले सूर ह्यांचा जो मेळ तेथें साधला, त्याची वाखाणणी जाणकारांनीं रचना म्हणून केली. कोठें कोणता स्वर कां आला, ह्याची चर्चा झाली. त्याच रचनाकाराची, वयाच्या छत्तिसाव्या वर्षाच्या सुमारास झालेली ही आधींची कृति मात्र देशभक्तीच्या खात्यांत जमा झाली आणि तेथेंच पडून राहिली. हा न्याय नव्हे. आमच्या मतें ‘जैत रे जैत’मध्यें जें धाडस फळास आलें, तें येथें आधींच केलेलें आहे, फक्त तें कर्ण्यांतून ऐकूं येत नाहीं.

तें धाडस कोणतें, हें समजण्यास पोवाड्याची आठवण केली पाहिजे. मराठींत शिवचरित्र गावयाचें म्हणजे पोवाडा, हें समीकरण फार जुनें. अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा आणि तुळशीदासाचा तानाजीवरचा पोवाडा ह्या दोहोंनीं जो साचा घालून दिला, तोच पुढें चालत आला. डफावर थाप पडते, तुणतुणें झणकारतें, झीलकरी सूर उचलून धरतात, आणि शाहीर हात वर करून सांगूं लागतो. हा सांगणारा साक्षीदार असतो. तो रणाच्या कडेला उभा आहे. काय घडलें तें त्यानें पाहिलें आहे आणि आतां तो सभेला दाखवीत आहे. त्याचा आवाज पुरुषाचा, चढा, आव्हान देणारा. ह्या साच्याची ताकद कोण नाकारील? परंतु त्यास एक गोष्ट साधत नाहीं. रणांत जो पडला आहे, त्याच्या पोटांत शिरणें शाहिरास कठीण जातें. कारण सभा समोर बसलेली असते आणि तिचा उत्साह टिकवावयाचा असतो.

हृदयनाथांनीं हा साचा बाजूस ठेविला. सबंध मुद्रिका त्यांनीं एका स्त्रीच्या कंठावर तोलली, आणि तोहि असा कंठ कीं ज्याच्यांत शाहिरी ठसका मुळींच नाहीं. वीररसाला हा आवाज कोवळा पडेल अशी शंका कोणासहि आली असती. परंतु ह्या निवडीमुळें गाणारा कडेचा साक्षीदार राहिला नाहीं. तो आंत शिरला. मुद्रिकेंतील गीतें एकामागून एक ऐकून पाहावीं, म्हणजे ध्यानीं येईल कीं बोलणारें मुख कधीं आईचें आहे, कधीं उपाशी रयतेचें, कधीं मरणाऱ्या शिपायाचें. राजाचें मुख कोठेंच नाहीं. ज्याच्या नांवानें मुद्रिका निघाली, तो स्वतः गात नाहीं. त्याच्यासाठीं जागणारे, झुरणारे आणि पडणारे गातात. एवढें एक सूत्र हातीं आलें कीं सगळ्या निवडीचा अर्थ उलगडतो, आणि पेशवाईंतल्या शाहिरांना ह्या पंगतींत पान कां मांडलें नाहीं, तेंहि कळतें.

गोविंदाग्रजांचें अंगाईगीत घ्या. राम गणेश गडकरी म्हटले कीं आपणांस पल्लेदार भाषणें आणि शब्दांचा धबधबा आठवतो. येथें तेच गडकरी आवाज खालीं आणून बोलतात. रात्र झाली आहे. शिवनेरी निजली, जुन्नर पेठ निजली, बारा मावळ निजलें. एक मूल तेवढें जागें आहे, आणि आई त्याला विचारते आहे कीं तूं कां जागतोस. कवितेंतली सारी करुणा ह्या प्रश्नांत आहे. तें कां जागें आहे हें ऐकणारास ठाऊक आहे, विचारणारीस नाहीं. किंवा कदाचित् तिलाहि ठाऊक आहे, आणि म्हणूनच ती विचारते आहे. लताबाईंनीं हें गीत इतक्या हळुवार सुरांत म्हटलें आहे कीं, शेजारच्या खोलींत खरेंच कोणी निजलेलें असावें असा भास होतो. चालींत झोका आहे, पण पाळणा म्हणतांना आईचा आवाज जसा हळूहळू सैल होत जातो तसा तो होत नाहीं. तिची काळजी सुरास सैल होऊं देत नाहीं. अंगाई म्हणून सुरू झालेलें गीत पाहतां पाहतां पहाऱ्याचें गीत होतें.

बारा मावळ हा शब्द भोर-वेल्ह्याच्या वाचकानें तरी सहज ओलांडूं नये. हिरडस मावळ, रोहिड खोरें, वेळवंड खोरें, गुंजण मावळ, कानद खोरें, मोसें खोरें, हीं नांवें आपल्याकडे अजून बोलण्यांत आहेत. सातबाऱ्यावर नसलीं तरी म्हाताऱ्यांच्या तोंडीं आहेत. जो मुलूख त्या रात्रीं निजला होता असें कवि म्हणतो, तो हाच. त्याची झोप मोडावयाची होती, आणि ती कोणी मोडली हें सांगावयास नको. मात्र शिवजयंतीस आपण पाळणा हलवितों, आणि पाळण्याचें हें मराठींतलें एक उत्तम गीत मिरवणुकींत कोणी लावीत नाहीं. कारण सरळ आहे : अंगाई कर्ण्यांतून म्हणतां येत नाहीं.

रामदासांच्या काव्यापैकीं ‘आनंदवनभुवनी’ सर्वांच्या परिचयाचें आहे, आणि भोरहून वरंध घाट उतरून शिवथर घळीस जाणारांस त्याचें वेगळें अप्रूप वाटत असेल. समर्थ आणि महाराज ह्यांची भेट केव्हां व कशी झाली ह्यावर इतिहासज्ञांचे वाद आहेत. ते येथें उकरण्याचें कारण नाहीं. आम्हांस त्यांतलें जें काव्य फार मोलाचें वाटतें तें दुसरेंच. लोकांच्या हालांचें वर्णन करणारें तें काव्य आहे. खावयास अन्न नाहीं, अंथरावयास वस्त्र नाहीं, घर उभें करावयास साधन नाहीं, आणि काय करावें तें सुचत नाहीं, अशी ती यादी. तींत एकहि अलंकार नाहीं. १६३० ते १६३२ च्या महादुष्काळानें हा सारा दख्खन उजाड केला, त्याच दुष्काळाच्या तोंडावर शिवजन्म झाला. हें काव्य ऐकतांना तो काळ आंकड्यांवांचून डोळ्यांपुढें उभा राहतो. चाल अशी आहे कीं गाणारीनें जणु कांहीं करूंच नये. शब्द एकामागून एक खालीं ठेवीत जावें. कौतुकाची गोष्ट ही कीं, राज्याभिषेकाच्या उत्सवासाठीं काढलेल्या मुद्रिकेंत हें काव्य घालण्याचें सुचलें. सिंहासनाची किंमत रिकाम्या पोटाच्या बाजूनें मोजलेली आहे.

आणि आतां बाजीप्रभूंविषयीं. कुसुमाग्रजांच्या ह्या गीतास मुद्रिकेचें हृदय म्हणावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. बाजीप्रभु देशपांडे हिरडस मावळांतले. त्यांचें शिंद हें गांव आजहि भोर तालुक्यांत आहे. १३ जुलै १६६० रोजीं घोडखिंडींत जे बांदल पडले, तेहि ह्याच खोऱ्यांतले. ही गोष्ट महाराष्ट्रांतलें प्रत्येक मूल शाळेंत शिकतें, आणि तिचा शेवट सर्वांस ठाऊक असतो : विशाळगडावरून तोफांचे बार होतात, बाजी कान देऊन ते ऐकतात आणि समाधानानें डोळे मिटतात. गोष्टीस असा शेवट लागतो. कुसुमाग्रजांनीं तो घेतला नाहीं. त्यांच्या गीतांत तोफ वाजत नाहीं. तेथें फक्त एक जखमी मनुष्य आहे, त्याच्या शरीराची चाळण झाली आहे, हातांतलें खड्ग गळून खालीं पडलें आहे, डोळे मिटूं पाहताहेत, आणि तो देवाला विचारतो आहे कीं हें युद्ध संपणार तरी केव्हां. शेवटीं तो विजय मागत नाहीं. घरीं बोलाव, एवढेंच मागतो.

हें लिहिणें धैर्याचें होतें. गावयाला बसविणें त्याहून अधिक. महापराक्रमी पुरुषाच्या तोंडीं थकवा घालावयाचा, आणि तो थकवा लाजिरवाणा न वाटतां उलट त्यानेंच पराक्रमाचें वजन कळावें, ही गोष्ट एका चुकीच्या हरकतीनें बिघडली असती. हृदयनाथांनीं लय संथ ठेविली आहे, इतकी कीं प्रत्येक ओळ म्हणण्यापूर्वीं गाणारानें श्वास गोळा केला असावा असें वाटतें. सूर वर चढतात ते आव्हान देण्यास नव्हे, तर विनवण्यासाठीं, आणि चढून तेथें ठरत नाहींत. लताबाईंचा स्वर येथें स्त्रीचा आहे हें आपण विसरतों, आणि पुरुषाचा आहे असेंहि आपणांस वाटत नाहीं. मरतांना मनुष्याचा स्वर कोणाचा असतो? शाहीर हें गीत म्हणता तर त्याला खिंड दाखवावी लागली असती. शत्रूंची संख्या, दांडपट्ट्याचे हात, सारें वर्णन करावें लागलें असतें. येथें खिंडींतला एकच मनुष्य ऐकूं येतो, आणि बाकीचें रण त्याच्या कानांतून आपणांस ऐकावें लागतें. पोवाड्याचा साचा सोडल्याचें फळ हें.

ह्या गीतानंतर नेसरीचें गीत ऐकलें कीं, मिरवणुकींत लागणारें तेंच गाणें निराळें वाटूं लागतें. प्रतापरावांनीं बहलोलखानास जाऊं दिलें म्हणून महाराजांनीं कडक शब्दांत पत्र लिहिलें, आणि तो बोल जिव्हारीं लागून २४ फेब्रुवारी १६७४ रोजीं ते केवळ सहा स्वारांनिशीं खानाच्या फौजेवर तुटून पडले. राज्याभिषेक त्यानंतर साडेतीन महिन्यांनीं, ६ जूनला झाला. म्हणजे ज्या सोहळ्याच्या स्मरणार्थ ही मुद्रिका निघाली, त्याच्या उंबरठ्यावरचें हें मरण आहे. लष्करी दृष्टीनें पाहिलें तर तें व्यर्थ होतें, आणि कवीला तें माहीत आहे. ‘वेड’ हा शब्द त्यानें उगाच योजलेला नाहीं. चालींत घोड्याची दौड आहे खरी, पण ध्रुवपद जेथें येऊन टेकतें तो सातांचा आंकडा प्रत्येक वेळीं मोजणीसारखा पडतो : किती गेले, सात. तरुण मुलें हें गाणें लागलें कीं उड्या मारतात. त्यांस दोष कशाला द्यावा? त्यांस तें तुकड्यानें मिळालें आहे. बाजींच्या गीताशेजारीं ठेविलें असतां तें शोकगीत आहे हें कळण्यास फार वेळ लागत नाहीं.

दीर्घ मुद्रिकेचा हाच गुण होता. मिनिटास तेहतीस फेरे घेणारी ती तबकडी एकदां लावली कीं एक बाजू संपेपर्यंत मनुष्य बसून ऐके. मधलें गाणें गाळावयाचें तर उठून सुई उचलावी लागे, आणि तो आळस रसिकतेच्या पथ्यावर पडे. पुढें फिती आल्या, नंतर रेडिओनें एकेक गीत वेगळें केलें, आणि आतां तर बोटाच्या स्पर्शानें हवें तेवढेंच ऐकतां येतें. मोठ्यानें वाजणारीं गीतें तेवढीं तगलीं, हळू बोलणारीं मागें पडलीं.

दोष सांगावयाचे तर तेहि आहेत. सावरकरांच्या स्तोत्रास वाद्यमेळाचा भार फार झाला आहे. मूळ शब्दच संस्कृत समासांनीं जड; त्यावर आणखी दुंदुभि कशाला? भूषणाचें कवित्त ह्या संकटांतून सुटलें, कारण त्याच्या घडणींतच वेग आहे. एकतीस अक्षरांचा चरण, त्यांत उपमेमागून उपमा, आणि महाप्राण अक्षरांची फेक. लताबाईंनीं तीं अक्षरें इतकीं स्वच्छ उच्चारलीं आहेत कीं, व्रजभाषा न जाणणाऱ्यासहि अर्थाचा धक्का बसतो. ‘निश्चयाचा महामेरू’ हें तर मूळ पत्रांतलें काव्य. विशेषणांची माळ गावयाची म्हणजे गायनाचें पठण होण्याची भीति असते, आणि तें येथें टळलें आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं.

निवेदनाविषयीं थोडें स्पष्ट बोललें पाहिजे. बाबासाहेबांची वाणी भारदस्त आणि रसाळ होती ह्यांत वाद नाहीं. त्यांच्या इतिहासाविषयीं जे वाद झाले त्यांचा येथें संबंध नाहीं. अडचण निराळी आहे. गीत जें आपोआप मनांत उतरवणार असतें, तें निवेदन कधीं कधीं आधींच सांगून ठेवतें. आई जागी आहे, हें गीतानें सांगावें. निवेदनानें दिवा तेवढा लावून बाजूस व्हावें. तरीहि निवेदन गाळून ऐकावें असें आम्ही म्हणणार नाहीं. त्याच्यावांचून रामदासांपासून कुसुमाग्रजांपर्यंतची उडी नव्या श्रोत्यास झेपणार नाहीं.

वेल्ह्याकडच्या वाचकांची एक तक्रार आम्ही आधींच मान्य करतों. राजगडास ह्या मुद्रिकेंत स्वतःचें गीत नाहीं. सुमारें पंचवीस वर्षें जेथून राज्य चाललें, जेथें १६५९ सालीं सईबाईंनीं डोळे मिटले आणि जेथें १६७० सालीं राजाराममहाराज जन्मले, तो गड पायथ्याच्या पालगांवांतल्या सईबाईंच्या समाधीसकट मुका राहिला आहे. सोहळा रायगडावरचा होता हें कारण पुरेसें नाहीं, कारण शिवनेरीस गीत मिळालें आणि घोडखिंडीसहि मिळालें. परंतु ह्याचा ठपका संगीतकारावर ठेवतां येत नाहीं. त्याला चाल लावतां येते. कविता कवीनें द्यावयाची असते. गडकऱ्यांनीं शिवनेरीस जें दिलें, त्या तोलाचें राजगडास कोणी दिलेलें आमच्या स्मरणांत नाहीं. सईबाईंच्या त्या शेवटच्या भाद्रपदांत अफझलखानाचें संकट उंबरठ्यावर होतें आणि दोन वर्षांचा मुलगा मागें राहावयाचा होता. एवढा विषय तीन शतकें वाट पाहत आहे.

पुढच्या शिवजयंतीस भोरांत वा वेल्ह्यांत मंडळाच्या तरुणांनीं एवढें करून पाहावें. मिरवणूक विसर्जन होऊन गर्दी पांगली म्हणजे घरीं जाण्यापूर्वीं बाजींचें गीत आणि पाठोपाठ ती अंगाई, अशीं दोनच गीतें लावावीं. कर्ण्याचा आवाज मात्र निम्म्याहून खालीं आणावा लागेल.